पळसगावचा यशवंत

गणपतीला नाहीतर मे महिन्यात मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आपण पुष्कळजणी. पेण जातं, कोलाड जातं, मग माणगाव येतं. गाडी थांबते. कुणी चहा घेतं, कुणी तंगड्या मोकळ्या करतं, मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन आपण पुढे निघतो. याच माणगावात तहसील कचेरीजवळ एका शिपायाचा पुतळा आहे. पुढच्या खेपेला पाच मिनिटं काढा आणि त्याच्यासमोर उभ्या राहा. हा यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. १० जुलै १९४४ या दिवशी तो इटलीतल्या एका डोंगरावर मेला. वय २२.

बावीस म्हणजे किती हो? आपल्या घरात नुकतंच कॉलेज संपवून नोकरीचे अर्ज करणारा, सकाळी तीन हाका मारल्याशिवाय न उठणारा, भाजी आवडली नाही की ताटात बाजूला सारणारा जो मुलगा आहे ना, तेवढा. जाहीर सभेत त्याला यशवंतराव म्हणतात, आणि म्हणायलाच हवं. मी मात्र इथे ‘तो’ म्हणणार आहे. बावीस वर्षांच्या पोराला घरात कुणी अहोजाहो करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोकणातला मुलगा इटलीत कशाला गेला? तर पलटणीत होता म्हणून गेला. त्याचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. तेव्हा आपला रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. भाताचं एक पीक, जमिनीचे लहान लहान तुकडे, आणि घरात खाणारी तोंडं जास्त. मग कर्त्या मुलांपुढे दोनच वाटा असायच्या, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. दोन्हीकडून येते ती मनिऑर्डर, आणि त्या मनिऑर्डरीवर कोकणातल्या कितीतरी चुली पेटल्या. ज्यांचं माहेर तिकडचं आहे त्यांना हे मी सांगायला नको. सैन्यात जाणारा प्रत्येक जण काही छातीवर पदकं लावायला जात नसतो. धाकट्या भावंडांच्या पोटाला मिळावं म्हणूनही जातो. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

यशवंत होता मराठा लाइट इन्फंट्रीत. या पलटणीचं ठाणं बेळगावला. तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो नाईक होता. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती आणि हाताखाली आठ-दहा माणसांची तुकडी. घरी पाठवायच्या पत्रात आपण कुठे आहोत हे लिहायची शिपायांना बंदी असे. पत्रं आधी लष्कराचा अधिकारी वाचायचा आणि नको ते खोडून टाकायचा. त्यामुळे ‘मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी’ एवढ्यावरच बरीचशी पत्रं भागत. मुलगा आफ्रिकेत आहे की युरोपात, हेसुद्धा घरी नीट ठाऊक नसायचं. आणि ठाऊक झालं असतं तरी त्या खेड्यातल्या माउलीनं नकाशा कुठला काढावा?

नकाशा आज आपल्याकडे आहे, तेव्हा आपण पाहू. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर हिंदुस्थानचे ५० हजारांहून अधिक जवान लढले. ४ जून १९४४ ला रोम शहर दोस्तांच्या हाती आलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे हटत होतं, पण पळत नव्हतं. प्रत्येक टेकडी धरून, मशिनगना लावून, पाठलाग करणाऱ्यांना अडवत अडवत ते मागे जात होतं. रोममधून वाहणारी तायबर नदी वर डोंगरांतून येते, तिच्या वरच्या खोऱ्यात हे चाललं होतं. तिकडे जुलै म्हणजे कडक ऊन, गव्हाच्या कापणीचे दिवस. आपल्याकडे जुलै म्हणजे धो धो पाऊस आणि लावणी. माणगावच्या शेतात बाया डोक्यावर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून रोपं खोचत असतात तो महिना.

त्या दिवशी यशवंतच्या कंपनीनं शत्रूच्या एका मजबूत मोर्चावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. त्याच्या तुकडीतली सगळी माणसं मारली गेली नाहीतर जखमी झाली. उभा राहिला तो एकटा. मागे कुणी नाही हे त्याला दिसत होतं. तरी तो थांबला नाही, सरळ मशिनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला, त्यानं मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार झाले. मग टॉमीगननं आणखी एकाला पाडलं. गोळ्या संपल्या, नव्या भरायला वेळ नव्हता. तेव्हा बंदुकीची नळी हातात धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना त्यानं ठार केलं. ठाणं हाती आलं. आणि तेवढ्यात दुरून शत्रूच्या नेमबाजांनी त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जे ठाणं त्यानं एकट्यानं जिंकलं होतं, त्यातच तो मेला.

हे सगळं सरकारी गौरवपत्रात आहे. शाळेतल्या भाषणात ‘शत्रूवर तुटून पडला’ एवढं म्हणून पुढे जातात. मला वाटतं, ते दोघेजण वगळू नयेत. तेही कुणाचे तरी मुलगे होते. त्यांच्याही घरी कुणी पत्राची वाट पाहत असेल. बावीस वर्षांच्या मुलाला हातातल्या लाकडालोखंडानं दोन जिवंत माणसं मारावी लागली. शौर्य म्हणजे काय असतं, त्याचा हा भागही आपल्याला ठाऊक असू दे. त्याचं धैर्य त्यानं उणं होत नाही. उलट, युद्ध त्या पोराकडून काय काय मागत होतं ते कळतं.

ते युद्ध कुणाचं होतं?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आपल्या कितीतरी घरांनी याच प्रश्नापायी आपली माणसं विस्मरणात टाकली. यशवंत मेला तेव्हा देश पारतंत्र्यात होता. ‘चले जाव’ची घोषणा होऊन दोन वर्षंसुद्धा पुरी व्हायची होती. आणि लांब कशाला, माणगावच्या शेजारच्याच महाडला सप्टेंबर १९४२ मध्ये सरकारविरुद्ध मोर्चा निघाला होता. गोळीबार झाला, माणसं पडली. एका तालुक्यातली मुलं इंग्रज सरकारच्या गोळीनं मरतात आणि शेजारच्या तालुक्यातला मुलगा त्याच सरकारच्या गणवेशात परमुलखात मरतो. विचित्र वाटतं ना? पण १९४४ सालचा आपला देश असाच होता. एकेका घरातसुद्धा एक भाऊ मोर्चात आणि दुसरा पलटणीत अशी उदाहरणं सापडतील.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात २५ लाख माणसं होती आणि सक्तीची भरती नव्हती. त्यांतली सुमारे ८७ हजार परत आली नाहीत. स्वातंत्र्य आल्यावर या माणसांचं करायचं काय, हे कुणाला नीटसं कळलं नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या नावाचे चौक झाले, ते रास्तच झालं. पण इंग्रजांच्या बाजूनं लढताना मेलेल्याची आठवण काढायची कशी? घरच्यांनाही संकोच वाटू लागला. फोटो बाहेरच्या खोलीतून माजघरात गेला, माजघरातून ट्रंकेत.

माझं मत विचाराल तर, युद्ध कुणाचं हे यशवंतनं ठरवलं नव्हतं. दिल्लीत आणि लंडनमध्ये बसलेल्यांनी ते ठरवलं. शिवाय समोर हिटलरची फौज होती, तिनं माणुसकीला काय काय भोगायला लावलं ते जगाला माहीत आहे. पण हेही बाजूला ठेवा. सरकार कुणाचंही असो, मुलगा आपल्या पळसगावचा होता.

कुंकू कधी पुसायचं?

यशवंतचं लग्न झालेलं होतं. मागे तरुण बायको राहिली.

रणातल्या धैर्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. इथे दुसरी गोष्ट विचारात घ्या. माणूस घरी आजारी पडून गेला तर शेवटचं पाणी तरी आपल्या हातून पडतं. शेजारणी येतात, रडून घेता येतं, तेराव्याला गोडधोड होऊन घर पुन्हा कामाला लागतं. परदेशातल्या लढाईत मेलेल्याचं काय? येतो तो एक सरकारी कागद, तोही इंग्रजीत. त्या काळी खेड्यात तो वाचून दाखवायला मास्तर नाहीतर तलाठी शोधावा लागे. आणि वाचून झाल्यावरही मन म्हणतं, नावात घोटाळा झाला असेल, त्याच नावाचा दुसरा कुणी असेल. देह पाहिलेला नाही, तर खरं कसं मानायचं?

आपल्या जुन्या लोकांनी यावर विधी करून ठेवला होता. देह मिळाला नाही तर पळसाच्या समिधांची माणसासारखी आकृती करायची आणि तिचं दहन करायचं. पालाशविधी म्हणतात त्याला. (पळसगाव हे गावाचं नाव ऐकलं की मला दर वेळी हेच आठवतं.) विधी माणसाला मोकळं करतो, पण ज्याची काही खबरच नाही, ‘बेपत्ता’ एवढाच शेरा आला आहे, त्याच्या बायकोनं बारा वर्षं वाट पाहायची अशी रीत होती. कायदा सात वर्षं धरतो. सात काय आणि बारा काय, तेवढी वर्षं तिनं हातात बांगड्या भरायच्या की नाही, हळदीकुंकवाला जायचं की नाही, मंगळसूत्र ठेवायचं की नाही, हे रोज सकाळी कोण ठरवणार? सासू एक म्हणे, दीर दुसरं म्हणे. तिला स्वतःला काय वाटतं ते बहुधा कुणी विचारत नसे.

आणि हे फार जुनं झालं असं म्हणून सोडून देऊ नका. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला सरकारकडून जो भत्ता मिळतो, तो तिनं पुन्हा लग्न केलं तर बंद होत असे. अपवाद एकच. लग्न मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी, म्हणजे दिराशीच केलं तर भत्ता चालू! ही अट निघाली २०१७ साली. होय, २०१७. वाचून तुमच्या हातातलं निवडणं थांबलं असेल तर माझंही थांबलं होतं.

यशवंतला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश सैन्यातलं शौर्याचं हे सर्वांत मोठं पदक. ते आहे ब्राँझचं, दिसायला अगदी साधं. तांब्यापितळेच्या दुकानात जुन्या डब्यात टाकून ठेवलं तर आपण ढुंकूनही पाहणार नाही. मागच्या बाजूला नाव आणि पराक्रमाची तारीख कोरलेली असते. पदक असं मरणोत्तर असलं की ते घ्यायला बहुतेक वेळा एखादी बाईच पुढे येते, बायको नाहीतर आई. २६ जानेवारीला दिल्लीत आपण पाहतोच. डोक्यावरचा पदर सावरत ती चालत येते, गौरवपत्र वाचलं जाईपर्यंत ताठ उभी राहते, आणि सगळा वेळ कुठे तरी समोर पाहत असते. टाळ्या तिच्या कानांवर पडत असतील का, असा प्रश्न मला पडतो.

इटलीत हिंदी सैन्यातल्या सहाजणांना हा क्रॉस मिळाला. त्यांतला आणखी एक आपल्याकडचाच, नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यानं गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यापलीकडे आणलं आणि मग पुन्हा मशिनगनवर चालून गेला. तो परत आला. संसार केला, म्हातारा झाला, १९८४ साली वारला. एकाच पलटणीतले, जवळजवळ एकाच वयाचे दोघे. एकाला चाळीस वर्षं जास्त मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाहीत. यात लायकीचा प्रश्न नाही, गोळी कुठे लागली एवढाच आहे.

सावलीचं घड्याळ

यशवंतची समाधी नाही. रोमच्या दक्षिणेला कसिनो म्हणून गाव आहे. तिथल्या युद्धस्मशानात, ज्यांचं दफनस्थान ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं संगमरवरावर कोरली आहेत. त्यांत त्याचं एक नाव. आपल्या हिंदू आणि शीख जवानांपैकी ज्यांचं रीतसर दहन करता आलं, अशा कितीतरी जणांची नावं फोर्ली गावच्या स्मारकावर आहेत. म्हणजे घरून कुणी नव्हतं तरी अग्नी मिळाला. वाचून मला जरा बरं वाटलं.

पण खरी सांगण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ज्या खोऱ्यात तो मेला तिथे मोंतोने नावाचं टेकडीवरचं जुनं गाव आहे. तिथल्या लोकांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगेच्या नावानं एक स्मारक उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही. सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ. त्यावर लॅटिन भाषेत एक वाक्य आहे. त्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. भारताच्या राजदूत तेव्हा हजर होत्या, त्याही एक बाईच.

त्या गावाला काय पडलं होतं सांगा? जवळजवळ ८० वर्षं उलटली होती. पण आपल्या अंगणात कुणी परका मुलगा आपल्यासाठी मरून पडला, हे त्यांनी आजीकडून आईनं, आईकडून मुलीनं ऐकत जपलं असेल असं मला वाटतं. नाहीतर एवढ्या वर्षांनी कोण कशाला खटपट करतं?

आपल्याकडे असे दगड नाहीत असं नाही. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या पुष्कळ गावांत देवळाशी, चावडीशी नाहीतर शाळेच्या भिंतीत एक लहानशी शिळा बसवलेली असते. या गावातून इतकी माणसं १९१४ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतकी मेली, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. पण या शिळांवर आकडे असतात, नावं नसतात. नावं असतात ती घरात, आणि घरातली नावं कुणाच्या हाती असतात ते तुम्हांला ठाऊक आहे. श्राद्धाला कुणाचं पान वाढायचं, कुणाला काय आवडायचं, कोणता फोटो कुणाचा, हे सांगणारी सासूबाई असते, आत्या असते. ती गेली की सगळं गेलं.

तेव्हा तुमच्या सासरी किंवा माहेरी कुणी पणजोबा, चुलत आजोबा ‘लढाईवर गेले होते’ असं नुसतं कानावर असेल, तर या दिवाळीची साफसफाई जरा बेतानं करा. माळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी तळापर्यंत उपसा. जुनं पदक सापडलं तर चिंच नाहीतर पितांबरी लावून मुळीच घासू नका. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून घासून तीच पुसली जाते आणि मग ते पदक कुणाचं ते सांगायला काही उरत नाही. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, भिंगातून कड वाचा, वहीत उतरवून ठेवा.

मरण पावलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे असते. त्यांच्या संकेतस्थळावर नाव घालून फुकट शोधता येतं. घरातल्या मुलांना बसवा, त्यांना हे चांगलं जमतं. मात्र इंग्रजीत आपली आडनावं त्या वेळच्या कारकुनानं जशी ऐकली तशी लिहिलेली आहेत. एका स्पेलिंगनं नाही मिळालं तर चार स्पेलिंगं करून पाहा. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. आणि विवाहित असेल तर पुढे लिहिलेलं असतं, अमुक अमुक बाईचा नवरा. आयुष्यभर आपण ‘अमक्याची बायको’ म्हणून ओळखल्या जातो. या यादीत मात्र कुठल्याशा वाडीतल्या, सही करता न येणाऱ्या बायकांची नावं लिहून ठेवली आहेत, आणि त्यांच्या नावावरून त्यांचे नवरे ओळखले जातात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना ‘युद्धाचं सांगा’ असं एकदम विचारू नका. त्यांना काही सुचत नाही. पत्र कोण वाचून दाखवायचं, मनिऑर्डर किती यायची, बातमी आली तेव्हा घरात काय रांधलेलं होतं, असं विचारा, मग आपोआप सगळं बाहेर येतं. जुना फोटो मिळाला तर त्यातल्या माणसाचं नाव, गाव, नातं आणि सांगणारीचं नाव फोटोच्या पाठीमागे लिहून ठेवा. लिहायचं मऊ शिसपेन्सिलीनं, फोटो सपाट ठेवून, अगदी हलक्या हातानं. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला, नेमका चेहऱ्यावर उमटतो.